कॉलरमधला कीस

तिसऱ्या रेल्वे गेटवर मालगाडी आडवी.
टेम्पोत ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर,
आणि मी डबे मोजत बसले. बेचाळीस.
बेचाळिसाव्या डब्यापर्यंत आत रक्त सांडत होतं
हे नंतर कळलं.
तेव्हा दिसलं ते एवढंच, की उजवी मूठ उघडत नाही
आणि मुठीत मायक्रोमीटर आहे.

तो अजून फडताळात आहे. शून्यावर.

उद्यमबागेत छत्तीस वर्षं लेथवर.
संध्याकाळी शर्ट झटकला की मला समजायचं
आज काय कातलं:
बीड असलं तर काळी भुकटी, साबणाला दाद न देणारी,
स्टील असलं तर निळसर वेटोळं,
पितळ असलं तर मोरीत उगीच सणासारखं.
हे बोलायचे नाहीत. कीस बोलायचा.

म्हणून डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या,
मेंदूच्या पेशीत एक प्रथिन असतं,
ते तिथंच राहायला हवं,
पेशी फुटली की रक्तात उतरतं, ते आम्ही मोजतो,
तेव्हा मुलगा मोबाइलमध्ये शोधायला लागला.
मी म्हटलं, कळलं की.
आत काय कातलं जातंय ते तुम्ही कॉलरवरून ओळखताय.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हो, पण किती कातलं तेवढंच.
काय उरलंय, ते रक्त सांगत नाही.

पहाटे सहाला सुई. गोकाकची गंगव्वा सिस्टर,
जांभळ्या टोपणाची नळी, पिवळ्या टोपणाची नळी.
दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहायची:
सोडियम एकशे सव्वीस.
एकशे एकोणतीस.
मध्येच एक दिवस एकशे चोवीस. त्या दिवशी ह्यांना
छताच्या कोपऱ्यात माणसं दिसत होती,
त्यांच्यासाठी हे अंग चोरून पलंगावर जागा करत होते.

अकराव्या दिवशी सुई टोचली आणि ओठ हलले.
"साकु."
गंगव्वानं नळी ट्रेमध्ये ठेवून टाळीच वाजवली.
बस्स झालं म्हणतात ते, कन्नडात, ती मला समजावत होती,
जणू मला येतच नाही.
शेजारच्या मशीनवर बसाप्पा होता सगळा जन्म;
चहा साकु, ऑइल साकु, ओव्हरटाइम साकु.
घरातला एकही शब्द अजून आला नव्हता.
माझं नाव तर लांबच. मलप्रभा, वर एक जोडाक्षर.
सोपं ठेवायला हवं होतं बापानं,
पण तो कणकुंबीचा, त्याला नदीच दिसायची.
निपाणीहून जाऊ आली, म्हणाली,
कानडीच झाला की गं तुझा दादला.
बोलूलालाय न्हवं? म्हटलं. मग गप बस.

शेवटच्या रिपोर्टात ते प्रथिन जवळजवळ नाहीच.
डॉक्टरीणबाईंनी आकड्याभोवती गोल काढला.
मुलगा कुंदा घेऊन आला, सगळ्या वॉर्डाला वाटला,
आणि हे कुंद्याचा चमचा कानाकडे नेत होते.
आकडा बरा झाला होता.
माणूस अजून गेटच्या पलीकडे, गाडी जायची वाट बघत.

काल दुपारी, अनगोळला, दारात खुर्ची टाकली.
बटणं सैल म्हणून कामावरचा जुना शर्ट घातला,
चारदा धुतलेला.
डाव्या हाताचं नख कॉलरच्या शिवणीत फिरत राहिलं.
खूप वेळ. मला वाटलं, खाज.
मग एक कण निघाला.
बोटाच्या टोकावर घेऊन उजेडाकडे धरला,
एक डोळा बारीक करून, पूर्वीसारखा.
"पितळ."

बीड होतं ते. काळंकुट्ट.
मी तोंड उघडलं नाही.
धातूच म्हणाले ना. चमचा म्हणाले नाहीत,
देवा म्हणाले नाहीत.

वहीत सोडियमच्या खाली लिहिलं: पितळ.
पुढच्या रकान्यात आकडा काय घालावा सुचेना,
तारीख घातली.
सोमवारी पुन्हा रक्त द्यायचंय. उपाशीपोटी.